लुइझा ऍन मेरेडिथ: रानफुलांची कवयित्री आणि तिची तीन नावं

शेवंता_मेलबर्न:
मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसतेच. इथे वंशावळींवर आणि कुलवृत्तांतांवर एवढे धागे निघतात म्हणून हे इथेच टाकतेय. घराणं आपल्याकडचं नाही, वेल्स-इंग्लंडमधून टास्मानियात गेलेलं आहे, पण गेले काही महिने मी या बाईच्या मागे लागलेय आणि ती डोक्यातून जात नाहीये.

बाईंचं नाव लुइझा ऍन मेरेडिथ. जन्म १८१२ चा, बर्मिंगहॅमचा. गेल्या १८९५ मध्ये कॉलिंगवूडला, म्हणजे आमच्या मेलबर्नमध्येच, मी ८६ नंबरच्या ट्रामने रोज जाते त्याच भागात. कवयित्री, चित्रकार आणि रानफुलांची वेडी. फूल शोधायचं, घरी आणायचं, मान टाकायच्या आत समोर ठेवून चित्र काढायचं आणि मग त्याच्यावर कविता लिहायची, हे आयुष्यभर चाललं.

स्टेट लायब्ररीत तिचं १८६० चं पुस्तक मागवलं होतं, 'सम ऑफ माय बुश फ्रेंड्स इन टास्मानिया'. आधी सांगून ठेवावं लागतं, मग फोमच्या उशीवर ठेवून समोर आणून देतात. केवढं मोठं पुस्तक! रंगीत पानांवर टास्मानियाची रानफुलं, बोरांसारखी छोटी फळं, किडे, सगळं प्रत्यक्ष बघून काढलेलं, आणि शेजारी कविता. रानातल्या झाडाझुडपांना बाई सरळ मैत्रिणी म्हणते. पण मी अडकले ते नावाच्या पानावर. त्यावर तिचं स्वतःचं नाव होतं, लुइझा ऍन मेरेडिथ.

यात काय एवढं, असं वाटेल. तर ऐका. १८३५ मध्ये तिचं पहिलं पुस्तक आलं, कवितांचंच, चित्रंही तिचीच, तेव्हा ती २३ वर्षांची होती आणि नाव होतं लुइझा ऍन ट्वामली. पुढच्या वर्षी फुलांच्या ऋतूंवर एक, नंतर आणखी, १८३९ ला इंग्लंडच्या रानफुलांवरचं, सगळी ट्वामली नावानेच. त्याच वर्षी लग्न झालं, जहाजात बसली, सप्टेंबरात सिडनीला उतरली. मग १८४४ ला न्यू साउथ वेल्सवरचं पुस्तक लंडनला छापलं, त्यावर लेखिका कोण तर मिसेस चार्ल्स मेरेडिथ. १८५२ ला टास्मानियातल्या घराबद्दल दोन भाग आले, पुन्हा मिसेस चार्ल्स मेरेडिथ. म्हणजे स्वतःचं नाव संपूर्ण गायब, नवऱ्याचं नाव आणि मागे मिसेस. आणि मग १८६० ला, रानफुलांच्या पुस्तकावर, लुइझा ऍन परत आली.

मी ते पान किती वेळ बघत बसले काय सांगू. माझं स्वतःचं नाव लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून बदललंय, १९ वर्षं झाली. माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर एक बाई आहे आणि पासपोर्टवर दुसरी. म्हणून असेल कदाचित.

घराण्याबद्दल उद्या सविस्तर लिहिते, जेवणाची वेळ झाली.

रानपाखरू:
वा! वाचतेय. फुलांचं अजून लिही ना, कसली फुलं होती?

वंशवेल:
उत्तम विषय. एक शंका आहे. मी थोडं शोधलं तर सगळीकडे दिसतंय की तिने आपल्या कझिनशी लग्न केलं. पण कझिन म्हणजे नेमकं कोण? इंग्रजीत चुलत, मामे, आते, मावस सगळे एका पोत्यात घालतात, त्यातून वंशावळ मांडायला बसलं की पंचाईत होते. तिच्या आईचं माहेरचं आडनाव कळलं तर कोडं सुटेल.

शेवंता_मेलबर्न:
वंशवेल, अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. तिच्या आईचं माहेर मेरेडिथ! आईचं नावही लुइझा ऍन, वडील थॉमस ट्वामली, आणि ही त्यांची एकुलती एक मुलगी. आईचा भाऊ जॉर्ज मेरेडिथ, म्हणजे आपल्या लुइझाचा मामा. आणि चार्ल्स हा त्या मामाचा मुलगा. म्हणजे तिने मामेभावाशी लग्न केलं, मामाच्या घरात सून म्हणून गेली. आईचं माहेरचं आडनाव ते मुलीचं सासरचं आडनाव झालं. इंग्रजीत चार पुस्तकं चाळून हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, मराठीत आईला फोनवर सांगायला लागले तेव्हा पहिल्या मिनिटात आई म्हणाली, "अगं म्हणजे मामाकडेच दिली की." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

बकुळ:
आमच्याकडे मामाची मुलगी करतात पण आत्याची मुलगी करत नाहीत, वेल परत फिरवू नये म्हणतात. म्हणजे आपली मुलगी दुसऱ्या घरी दिली की तिची लेक परत आपल्या घरात सून म्हणून आणायची नाही. इथे नेमका वेल परत फिरलाय. माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर तिने कपाळावर हात मारला असता.
शेवंताताई, मामाचं घर मग टास्मानियात कसं काय?

शेवंता_मेलबर्न:
सांगते, मोठी गोष्ट आहे.

जॉर्ज मेरेडिथ कुटुंबकबिला घेऊन १८२१ च्या मार्चमध्ये 'एमरल्ड' नावाच्या जहाजाने होबार्टला उतरला. तेव्हा टास्मानियाला व्हॅन डायमेन्स लँड म्हणायचे, कैदी पाठवायची जागा. त्याला पूर्व किनाऱ्यावर ऑयस्टर बे पाशी जमीन मिळाली. मंडळी वेल्सहून आलेली, म्हणून गावाचं नाव स्वान्सी, घराचं नाव केंब्रिया, म्हणजे वेल्सचंच जुनं नाव. जवळून वाहणाऱ्या नदीला आजही मेरेडिथ नदी म्हणतात. मी एप्रिलमध्ये गेले होते तिथे. समोर खाडी, पलीकडे फ्रेसिने द्वीपकल्पाचे गुलाबी डोंगर, सकाळी तर पाणी आणि डोंगर एकाच रंगाचे दिसतात. केंब्रियाचं जुनं घर मात्र बघता आलं नाही, ते २०१९ मध्ये आगीत जळून गेलं. दीडशेच्या वर वर्षं उभं होतं आणि मी तीन-चार वर्षं उशिरा पोचले, फार वाईट वाटलं.

तर चार्ल्स हा जॉर्जच्या पहिल्या बायकोचा मुलगा, लहानपणी बापाबरोबर आला. मोठा झाल्यावर त्यालाही जमीन हवी होती पण मामा, म्हणजे जॉर्ज, महा तापट माणूस, त्याचं आणि तिथल्या लेफ्टनंट गव्हर्नरचं हाडवैर, सरकारविरुद्ध लिहिणाऱ्या वर्तमानपत्राला हा पाठबळ द्यायचा. झालं, मुलाला जमीन नाकारली. म्हणून चार्ल्स न्यू साउथ वेल्सला गेला, मरमबिजी नदीकाठी मेंढरं पाळली, मग इंग्लंडला जाऊन आत्याच्या मुलीशी लग्न केलं आणि तिला घेऊन परत आला. वर्षभरात मंदी आली, मेंढरांना भाव नाही, पैसा बुडाला, आणि १८४० मध्ये तान्हं बाळ घेऊन दोघं शेवटी मामाच्याच दारात, टास्मानियाला. लुइझाने इंग्लंड सोडताना काही वर्षांत परत येऊ असं धरलं होतं, तो बेत कायमचा राहिला.

पंचगंगा:
एक मिनिट, १८३० च्या आसपासचा लेफ्टनंट गव्हर्नर म्हणजे जॉर्ज आर्थर का? तोच ना जो पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला?

शेवंता_मेलबर्न:
हो! जॉर्ज आर्थर. टास्मानियात १८२४ ते १८३६. मुंबईचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं!!

पंचगंगा:
तोच. १८४२ ते १८४६ मुंबईचा गव्हर्नर. आणि आम्हा कोल्हापूरकरांना तो काळ विसरता येत नाही, कारण १८४४ चा गडकऱ्यांचा उठाव त्याच्याच कारकिर्दीतला. पन्हाळा, सामानगड, भुदरगड, सगळीकडे गडकरी उठले, पिढ्यानपिढ्यांची वतनं आणि शिबंदी मोडीत काढली म्हणून. मोठं सैन्य आणून मोडला तो उठाव. महाबळेश्वरच्या आर्थर सीटला त्याचंच नाव आहे असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, गाईड लोक मात्र आर्थर मॅलेटची आणि सावित्री नदीची गोष्ट सांगतात.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. हाच आर्थर टास्मानियात असताना १८३० मध्ये 'ब्लॅक लाइन' झाली. दोन हजारांवर माणसं, सैनिक, वसाहतवाले, कैदी, हाताला हात लावून साखळी करावी तशी रानातून चालवली, मूळच्या लोकांना हाकून एका कोपऱ्यात कोंडायला. हाका घालून शिकार करतात ना तसं. जवळपास सात आठवडे. शेवंताताई, तुमच्या कवयित्रीच्या मामाची जमीन नेमकी त्याच पट्ट्यात येते. फुलांच्या धाग्यात हे आणू की नको असा विचार केला, पण मग वाटलं की आणायलाच हवं.

शेवंता_मेलबर्न:
आणायलाच हवं. खरं तर मी याला बगल देत होते, ते चुकलं.

त्या किनाऱ्यावरचे लोक म्हणजे ऑयस्टर बे जमात. स्वान्सीच्या किनाऱ्यावर शिंपल्यांचे जुने ढीग दिसतात, शेकडो पिढ्या तिथे बसून खाल्लेल्यांचे. १८२० च्या दशकात मेंढ्यांसाठी जमिनी वाटल्या गेल्या, शिकारीची कुरणं गेली, बायका पळवल्या गेल्या, मारामाऱ्या झाल्या, दोन्हीकडची माणसं मेली आणि त्यांची कितीतरी जास्त. १८३१ च्या शेवटच्या दिवशी ऑयस्टर बे आणि बिग रिव्हर या दोन्ही जमातींचे मिळून उरलेले लोक शरण आले. किती असतील? २६. सोळा पुरुष, नऊ बायका, एक मूल. त्यांना होबार्टला चालवत नेलं आणि पुढे फ्लिंडर्स बेटावर पाठवलं.

लुइझा आली ती यानंतर नऊ वर्षांनी. रिकाम्या केलेल्या रानात ती फुलं शोधत फिरली. आणि तिने याबद्दल काय लिहिलं? १८५२ च्या पुस्तकात ती वसाहतवाल्यांचीच बाजू घेते, मूळच्या लोकांबद्दल फार कठोर लिहिते. ती पानं वाचताना मला खरंच त्रास झाला. जी बाई एका गवतफुलासाठी चिखलात गुडघे टेकते तिला माणसांबद्दल असं लिहिता आलं. याची सारवासारव मी करणार नाही, घराण्याचा इतिहास लिहायचा तर हेही त्याच घराण्याचं.

मूळचे लोक संपले असं मात्र कुणी समजू नका, जुन्या पुस्तकांत तसं लिहायचे. पलावा लोक आजही टास्मानियात आहेत, आपली भाषा पुन्हा उभी करतायत.

कातळ:
पंचगंगा आणि शेवंता, दोघांचेही आभार. हेच विचारायला आलो होतो.

रानपाखरू:
खूप जड वाटलं वाचून. पण बरं झालं लिहिलंत.
फुलांबद्दल मी मगाशी विचारलं होतं, ते राहिलं.

शेवंता_मेलबर्न:
रानपाखरू, हो ग, एकच फूल सांगते पण जवळून सांगते. इथे हीथ म्हणतात, शास्त्रीय नाव इपॅक्रिस इम्प्रेसा. व्हिक्टोरिया आणि टास्मानिया दोन्हीकडे माळरानावर होतं. झुडूप हडकुळं, काड्या काड्यांचं, पानं इवलीशी आणि टोकाला सुईसारखी, हात घातला की टोचतात. फुलं त्या काडीला चिकटून ओळीने लटकतात, बारीक नळ्या, पांढऱ्या, गुलाबी, कधी लालभडक. इकडच्या हिवाळ्यात, आपण जून-जुलै म्हणतो तेव्हा, जेव्हा बाकी सगळं रान मरगळलेलं असतं, तेव्हा हे फुलतं. आता गंमत अशी की एक नळी बोटावर घेऊन तिच्या बुडाशी बघितलं तर पाच खळगे दिसतात, गोल फिरून पाच, जणू कुणी ओल्या मातीत टाचणीचं डोकं दाबलंय. त्याच्यावरूनच इम्प्रेसा, ठसा उमटवलेलं. नुसत्या डोळ्यांना दिसतं पण कुणी बघत नाही. मी पंधरा वर्षं टेकड्या तुडवतेय आणि मला गेल्या वर्षी दिसले, तेही तिची चित्रं बघून आल्यावर, कारण तिची चित्रं बघितली की माणूस वाकून बघायला लागतो. आता कासला परत जाईन तेव्हा तेरड्याकडे आणि सोनकीकडेही तशीच वाकून बघणारे.

आणि हे सगळं तिने संसार करता करता केलं. केंब्रियाजवळ स्प्रिंग व्हेल नावाचं घर बांधलं, ते नीट वसतंय तोवर पुन्हा पैशाची ओढाताण. १८४४ ला चार्ल्सला उत्तर किनाऱ्यावर पोर्ट सोरेलला पोलिस मॅजिस्ट्रेटची नोकरी मिळाली, तिकडे पट्ट्या-पट्ट्या ठोकून केलेल्या घरात राहिले, त्याला नावच लॅथ हॉल. मग पॉयस्टन नावाचं घर, चार्ल्सच्या वेल्समधल्या जन्मगावाचं नाव. पुढे चार्ल्स राजकारणात गेला, वसाहतीचा खजिनदार झाला. काळ्या हंसांची कत्तल थांबावी म्हणून त्याने बिल आणलं त्याच्यामागे लुइझाच होती. हे जोडपं एकमेकांना धरून होतं असं वाटतं मला.

वंशवेल:
शेवंता, मुलांची नावं मिळाली का? आईकडचं आडनाव मुलांच्या मधल्या नावात घालायची इंग्रजांची पद्धत असायची.

शेवंता_मेलबर्न:
मिळालं! एका मुलाचं नाव चार्ल्स ट्वामली मेरेडिथ. बापाचं नाव, आईचं माहेर, बापाचं आडनाव. म्हणजे ट्वामली हे आडनाव पुस्तकांवरून गेलं ते मुलात ठेवलं तिने. ती एकुलती एक असल्यामुळे नाहीतर तिथेच संपलं असतं ते.

बकुळ:
वंशवेल, तुम्ही हे सगळं शोधता कुठे? मला माझ्या पणजीचं शोधायचंय आणि काहीच सापडत नाही.

वंशवेल:
बकुळताई, टास्मानियाचं म्हणाल तर फार सोपं आहे, त्यांच्या राज्याच्या ग्रंथालयाची नावांची सूची आहे, जन्म, लग्न, मृत्यू, मृत्युपत्रं, कैद्यांच्या नोंदी, सगळं घरबसल्या फुकट. आणि ट्रोव्ह म्हणून ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची साइट आहे, जुनी वर्तमानपत्रं शब्द टाकून शोधता येतात. पण तिथेही बाईला शोधताना एकाच नावाने शोधलं की अर्धं आयुष्य निसटतं. लुइझासाठी ट्वामली, मिसेस चार्ल्स मेरेडिथ, मिसेस सी. मेरेडिथ, एल. ए. मेरेडिथ, सगळं टाकून बघावं लागतं.

आपल्याकडचं दुखणं वेगळं आहे. मी आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांतावर काम केलंय. पुरुषाची नोंद असते सात ओळींची, शिक्षण, नोकरी, मुंज कधी झाली तेही. बायकोची नोंद असते अर्ध्या ओळीची, सासरचं नाव आणि कंसात अमक्यांची कन्या. माहेरचं पाळण्यातलं नाव बहुतेक वेळा नाहीच. मुली तर "अमक्यांना दिली" एवढ्यावर संपतात. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडे वह्या असतात, तिथे कधीकधी बाईने स्वतः यात्रेला येऊन नाव सांगितलेलं असतं, तेवढं एक बरं. तुमच्या पणजीच्या माहेरचं गाव माहीत असेल तर तिच्या भावाच्या घराण्याचा कुलवृत्तांत शोधा, नवऱ्याच्या नको. भावांच्या खाली बहिणींची नावं असतात, तिथे पाळण्यातलं नाव मिळायची शक्यता जास्त. आणि शाळेत गेली असेल तर शाळेचा जनरल रजिस्टर.

कातळ:
+१ जनरल रजिस्टरला. माझ्या आजीचं खरं नाव तिथेच मिळालं, जिल्हा परिषदेच्या शाळेत.

पंचगंगा:
शेवंताताई, तिचं शेवटी काय झालं? एवढी पुस्तकं, नवरा खजिनदार, म्हणजे म्हातारपण सुखाचं गेलं असेल.

शेवंता_मेलबर्न:
नाही हो. चार्ल्स १८८० मध्ये गेला आणि मागे पैसा फारसा नव्हता. त्याच वर्षी तिचं टास्मानियाच्या प्राणीपक्ष्यांवरचं पुस्तक आलं, त्यावरही स्वतःचंच नाव. पुढच्या वर्षी मरियान नॉर्थ, जगभर फिरून झाडाफुलांची चित्रं काढणारी बाई, टास्मानियात आली ती हिला भेटली. १८८४ मध्ये टास्मानिया सरकारने तिला वर्षाला १०० पौंडांचं पेन्शन दिलं, आणि हे मला फार आवडलं, ते खजिनदाराची विधवा म्हणून दिलं नाही, तिच्या स्वतःच्या लेखनासाठी आणि चित्रांसाठी दिलं. १८९१ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, रानातल्या मैत्रिणींचा शेवटचा भाग काढला. शेवटी एका डोळ्याने दिसेनासं झालं होतं. चार वर्षांनी कॉलिंगवूडला गेली.

मागच्या शनिवारी मी मुद्दाम ट्राममधून मधेच उतरले आणि तिथल्या गल्ल्यांमधून तासभर फिरले. कौलारू बैठी घरं, पुढे हातभर अंगण. एका कुंपणाच्या तळाशी, फूटपाथच्या फटीत पिवळं काहीतरी उगवलं होतं, मी चक्क उकिडवी बसले ते बघायला.

बकुळ:
मंडळी, मला काल झोप लागली नाही, वंशवेल यांचं वाचून उठले आणि माळ्यावरची पणजीची ट्रंक काढली. वर सगळे जुने पंचांग आणि नऊवारी. खाली एक वही मिळाली, कापडी पुठ्ठ्याची. आत ओव्या, काही ऐकलेल्या, काही मी कधीच न ऐकलेल्या, बहुतेक तिच्याच असाव्यात. मधल्या पानांत चपटं झालेलं काहीतरी, बहुतेक सुरंगी, वास नाही उरलेला पण रंग तांबूस आहे. पहिल्या पानावर आमच्या घरातलं नाव, रमाबाई. आणि वही उलटी केली तर शेवटून पहिल्या पानावर, त्याच अक्षरात, "कु. चंद्रभागा", आणि पुढे आडनाव आहे पण शाई इतकी फिकी झालीय की वाचता येत नाही. आमच्या घरात आजवर कुणालाच माहीत नव्हतं तिचं नाव चंद्रभागा होतं. माझ्या आईला फोन केला तर ती रडायलाच लागली.
ते आडनाव वाचायचं कसं? कुणाला माहीत आहे का?

रानपाखरू:
अंगावर काटा आला बकुळताई.

वंशवेल:
बकुळताई, पाणी, तेल, लिंबू, काहीही लावू नका कृपा करून, लोक लावतात आणि पान वाया जातं. वही पूर्ण उघडून सपाट दाबू नका, शिवण तुटेल. काळोख्या खोलीत बॅटरी पानाला जवळपास टेकवून कडेने आडवा प्रकाश टाका, बोरूचा किंवा टाकाचा दाब कागदावर असतो तो सावलीने दिसतो. चारी बाजूंनी एकेक फोटो काढा, फ्लॅश बंद ठेवा. मग ते फोटो मोबाइलवर काळेपांढरे करून कॉन्ट्रास्ट वाढवा. पहिलं अक्षर लागलं की बाकीचं लागतं. आडनाव पूर्ण इथे उघड्यावर टाकू नका, मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, मी बघतो.

शेवंता_मेलबर्न:
आणि सुरंगीला हात लावू नका, बकुळताई. ती ज्या पानात आहे त्याच पानात राहू द्या, कुठल्या ओवीजवळ ठेवली होती ते आधी बघा आणि त्या पानाचाही फोटो काढा.